रेघ राखून

मागच्या हिवाळ्यात दहा दिवसांची रजा घेऊन मी भोपाळला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. प्रवास सवलतीचा अर्ज आमच्या पणजीच्या कचेरीत तीन टेबलांवरून फिरून आला (त्यातलं एक टेबल माझंच आहे, तरीही त्याला वेळ लागलाच). गोवा एक्स्प्रेसने मडगावहून निघालो, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी असं करत दुसऱ्या दिवशी भोपाळला उतरलो. तलाव पाहायचा, भीमबेटकाची चित्रं पाहायची आणि आल्यावर त्यावर इथे काही लिहायचं, असा बेत होता. प्रत्यक्षात मी लिहायला बसलोय ते एका खेळण्यातल्या गाडीबद्दल. वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं.

बहिणीचं घर पिपलानीच्या जवळ आहे. तिचे सासरे, ज्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो, हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये फिटर होते. वय ब्याऐंशी. भाचा अकरावीत. त्याच्याकडे रिमोटवर चालणारी गाडी आहे, पण आपण जत्रेतून आणतो तसली नव्हे. या गाडीचे सुटे भाग मिळतात, मोडलं तर बदलता येतं, आणि ती इतकी वेगात जाते की गच्चीवर चालवायला त्याला मनाई आहे. हिला ‘आरसी कार’ म्हणतात. हिची जुनी बॉडी खांबावर आपटून फुटली होती, म्हणून पठ्ठ्याने दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे वर्षभर साठवून नवी मागवली. मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली.

खोका उघडला तर आत रंग नाही, खिडक्या नाहीत, काही नाही. काचेसारखं पारदर्शक, पातळ, गाडीच्या आकाराचं एक कवच, आणि त्याच्या चहूबाजूंनी त्याच प्लॅस्टिकचा पसरलेला काठ. मिठाईच्या खोक्यात पेढ्यांखाली जो प्लॅस्टिकचा ट्रे असतो ना, अगदी त्या जातीची वस्तू. कवचावर एक बारीक उमटलेली रेघ होती. त्या रेघेवर कापायचं, चाकांच्या कमानी मोकळ्या करायच्या, भोकं पाडायची, आतून रंग द्यायचा, आणि मग ती गाडीवर बसवायची. ‘मामा, तू मदत कर ना,’ भाचा म्हणाला. मी कला शाखेचा पदवीधर, वीस वर्षं कारकुनी केलेला. कात्री म्हणजे माझं रोजचं हत्यार! ताईच्या स्वयंपाकघरातली दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेतली आणि बसलो.

सरळ भाग बरा गेला. पुढच्या चाकाच्या कमानीपाशी कात्री वळेना. मी ती जोर लावून वळवली. ‘टक्’ असा अगदी छोटा आवाज झाला आणि कमानीच्या कोपऱ्यातून बॉनेटवर दोन इंच लांब तडा गेला.

भाचा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

नाना आतल्या खोलीतून आले. त्यांनी कवच हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं, तड्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, ‘रेघ राखली नाहीस.’

या वाक्याचा अर्थ मला नंतर दोन दिवस हळूहळू कळत गेला. पण आधी मला एक वेगळाच प्रश्न छळत होता. इतके पैसे घेऊन कंपनी ही वस्तू अर्धवट का विकते? शेवटचा काप गिऱ्हाइकाच्या हातावर का सोडते? रात्री झोप येईना, म्हणून या खेळण्याचा इतिहास शोधत बसलो. तो मला वाटला त्याहून बराच रंजक निघाला.

आमच्या लहानपणी गाडी म्हणजे सावंतवाडीची. चवथीच्या आधी वडील वाडीला गेले की चितारआळीतून लाकडी गाडी, नाहीतर भातुकली यायची. भोपाळकरांची सावंतवाडी म्हणजे बुधनी. नर्मदेच्या काठी, भोपाळहून दीड-दोन तासांवर. तिथे दुधी नावाच्या झाडाचं लाकूड कातून त्यावर लाखेचे रंग चढवतात. लाकडाच्या खेळण्यात आकार काढणारा आणि कड गुळगुळीत करणारा कारागीर एकच. मग पत्र्याची खेळणी आली, जर्मनीची, नंतर जपानची. पत्र्यात कड कापायचं काम माणसाच्या हातून गेलं आणि प्रेसच्या साच्याकडे आलं. पुढे प्लॅस्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबून भरायची रीत आली. त्यात तर कापायला काही उरतच नाही, वस्तू साच्यातून निघते तीच जवळजवळ पुरी होऊन.

म्हणजे खेळण्याच्या इतिहासात कड कापणारा हात एकेक पायरीने मागे सरत गेला. आणि मग आरसी गाडीत तो अचानक परत आला, तोही कारखान्यातल्या कामगाराचा नव्हे, गिऱ्हाइकाचा. हे कसं झालं?

दुरून बिनतारी चालवायची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छोटी बोट अशी चालवून दाखवली होती. मोटारीचं खेळणं मात्र इटलीतल्या एका कंपनीने १९६६ च्या सुमारास बाजारात आणलं, फेरारीच्या आकाराचं. या खेळाला घरोघर नेलं ते जपानच्या तामियाने. तामिया ही शिझुओका शहरातली कंपनी, १९४६ मध्ये सुरू झाली ती चक्क लाकूड कापायची गिरणी म्हणून! लाकडी मॉडेल्स करता करता प्लॅस्टिकपुढे लाकूड टिकेना, तेव्हा १९६० मध्ये त्यांनी पहिलं प्लॅस्टिक मॉडेल काढलं, यामातो युद्धनौकेचं. १९७६ मध्ये त्यांची पहिली आरसी गाडी आली, पोर्शे ९३४. मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून शुन्साकू तामिया यांनी खरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती. या गाडीची बॉडी साच्यातली, जाड, टणक. दिसायला झकास, पण जड. आणि वजन गाडीच्या वरच्या अंगाला असलं की वळणावर गाडी उलटते.

शर्यतवाल्यांना दिसण्याची पर्वा नसते. अमेरिकेत १९६० च्या दशकात खाचेतून धावणाऱ्या छोट्या विजेच्या गाड्यांचं, स्लॉट कारचं, मोठं वेड होतं. तिथल्या लोकांनी पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची कवचं वापरायला सुरुवात केली होती. प्लॅस्टिकचा तावच तापवून मऊ करायचा, साच्यावर पसरायचा आणि खालून हवा खेचून घ्यायची. ताव साच्याला चिकटतो, गार झाला की गाडी तयार. रंग आतून द्यायचा, म्हणजे गाडी घासली तरी रंगाला धक्का लागत नाही. काचेमागची जुनी चित्रं रंगवतात तसं उलटं काम, पुढचं आधी आणि पार्श्वभूमी शेवटी. स्लॉट कारमधून पुढे आलेल्या कॅलिफोर्नियाच्या असोसिएटेड कंपनीने १९८४ मध्ये आरसी-१० नावाची गाडी काढली, तिची बॉडी अशीच पारदर्शक होती. पुढच्याच वर्षी तिने ऑफ-रोडची विश्वस्पर्धा जिंकली. त्यानंतर शर्यतीच्या गाडीवर जाड बॉडी कुणी फारशी बसवली नाही.

आता या रीतीत साचा स्वस्त पडतो, कवच एक मिलिमीटरहूनही पातळ होतं, सगळं छान. पण साच्याबाहेर उरलेला ताव तसाच राहतो. तो कोणी कापायचा? पेढ्यांच्या ट्रेची कड एका सपाटीत असते, एकाच ठोक्यात साचा ती कापतो. गाडीची कड चाकापाशी वर चढते, दाराखाली उतरते, बंपरपाशी आत वळते. तिथे सपाट ठोका चालत नाही. शिवाय एकच बॉडी वेगवेगळ्या गाड्यांवर बसते, कुणाची चाकं मोठी, कुणाचे आधाराचे खांब मागे. कारखान्याने भोक पाडलं तर ते दहांतल्या आठांना चुकीच्या जागी पडेल. म्हणून कंपनी फक्त रेघ उमटवते आणि हात वर करते. आता कापून तयार असलेल्या बॉडीही मिळतात, पण जास्त पैसे मोजून, आणि ठरावीक गाडीपुरत्या.

हे सगळं वाचताना मजा येत होती. मग मी या प्लॅस्टिकविषयी वाचायला घेतलं आणि मजा संपली.

त्याचं नाव पॉलिकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेल यांना ते सापडलं आणि जेमतेम आठवड्याच्या अंतराने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनाही, एकमेकांना पत्ता नसताना. फॉक्स तारांवर चढवायला आवरण शोधत होते. भांड्यात असा काही चिवट गोळा तयार झाला की तो फुटेचना. लेक्सान हे त्याचंच बाजारातलं नाव, आणि आरसीवाले आजही बॉडीला लेक्सानच म्हणतात. हे प्लॅस्टिक तयार करायची मूळ रीत अशी, की बिस्फिनॉल-ए नावाच्या रसायनाची फॉस्जिन वायूशी क्रिया घडवायची.

फॉस्जिन. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये सोडलेला विषारी वायू. भोपाळमध्ये हा शब्द मी कुठेतरी पाहिला होता. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जिन आणि मिथिल अमाइन यांच्यापासून मिथिल आयसोसायनेट करत असत, आणि त्यापासून सेविन हे कीटकनाशक. डिसेंबर १९८१ मध्ये तिथे फॉस्जिन अंगावर येऊन अश्रफ नावाचा कामगार गेला. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी त्यानंतर कारखान्याच्या मागे लागले. १९८२ मध्ये ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिले की हे शहर धोक्यात आहे. कुणी ऐकलं नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र सगळ्यांना माहीत आहे.

आरसी-१० चं साल तेच, १९८४. मी आधी ते साल सहज टिपून ठेवलं होतं, आणि या घरात बसून ते पुन्हा वाचताना अवघडलो. तयार प्लॅस्टिकमध्ये फॉस्जिन राहत नाही, भाच्याच्या हातातलं कवच निरुपद्रवी आहे, हे मला कळतं. फॉस्जिनशिवाय पॉलिकार्बोनेट करायची रीतही निघाली आहे, तैवानमध्ये २००२ पासून तसा कारखाना चालू झाला. तरी बराचसा माल अजून जुन्याच रीतीने होतो. ३ डिसेंबरच्या सकाळी नाना कारखान्यातल्या सोबत्यांबरोबर हमीदिया रुग्णालयात गेले होते, एवढं ताईने मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. ते स्वतः त्याबद्दल बोलत नाहीत. त्या रात्री मी जे वाचलं ते मी नानांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

सकाळी उठलो तर नाना पेटी उघडून बसले होते.

हेवी इलेक्ट्रिकल्सविषयी थोडं सांगायला हवं. ही सरकारी कंपनी १९५६ मध्ये स्थापन झाली, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या सहकार्याने. १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं आणि १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. टर्बाइन, ट्रान्स्फॉर्मर, स्विचगियर असली अवजड कामं. देशभरातून मुलं इथे आली, त्यात मराठी मुलंही होती. नाना त्यांपैकी एक, वयाच्या विसाव्या वर्षी आलेले. प्रशिक्षणात पहिले काही महिने लोखंडाच्या तुकड्याला कानस मारण्यापलीकडे त्यांना काही करू दिलं नाही. आधी स्क्राइबरने रेघ ओढायची, रेघेवर सेंटर पंचने ठिपके मारायचे. हॅकसॉ रेघेच्या बाहेरून चालवायचा, मग कानशीने रेघेपर्यंत यायचं. काम झालं की कडेवर पंचचे ठिपके अर्धे दिसले पाहिजेत. पूर्ण दिसले तर काम अपुरं. दिसेनासे झाले तर जॉब बाद, परत पहिल्यापासून. ‘रेघ राखणं’ ते हे!

नानांचा हात आता थरथरतो. त्यामुळे ते बोलत होते आणि भाचा करत होता. मला पेटी धरायचं काम दिलं होतं, ते योग्यच होतं.

पहिलं म्हणजे तडा थांबवायचा. तड्याच्या टोकाशी, जिथे तो संपतो तिथेच, दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडलं. तडा टोकाच्या अणकुचीमुळे पुढे धावतो, टोक गोल झालं की ताण पसरतो. याचं गणित इंग्लिस नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलं, आणि ते किती जीवघेणं ठरू शकतं हे १९५४ मध्ये दिसलं. तेव्हा कॉमेट जातीची दोन जेट विमानं भूमध्य समुद्रावर फुटली आणि चौकशीत असं निघालं की तडा विमानाच्या कवचातल्या चौकोनी छिद्राच्या कोपऱ्यापासून सुरू झाला. नानांना इंग्लिस माहीत नव्हता, गोल भोक माहीत होतं. मी कात्री वळवली ती नेमकी कमानीच्या कोपऱ्यात, तिथे टोकदार खाच पडली, आणि बाकीचं काम त्या खाचेने केलं. तड्याच्या आतून पीओपीच्या कामात लावतात ती जाळीची पट्टी आणि बुटांचा लवचीक गोंद लावला. गोंद आधी कापून पडलेल्या तुकड्यावर लावून पाहिला, कारण काही गोंद आणि थिनर या प्लॅस्टिकला ठिसूळ करतात.

दुसरी गोष्ट कात्री. नानांच्या पेटीतली पत्रा कापायची कात्री फार अवजड होती. भाचा न्यू मार्केटमधून नखं कापायची वाकड्या, आखूड पात्यांची कात्री घेऊन आला. आरसीची खास कात्री मिळते तीही साधारण अशीच असते, फक्त मोठी. पातं आखूड आणि वाकडं असलं की ते कमानीबरोबर वळतं. लांब सरळ पातं वळवलं की प्लॅस्टिकच दुमडतं. आधी रेघेपासून अर्धा सेंटीमीटर बाहेरून ओबडधोबड काढून टाकायचं, म्हणजे शेवटच्या कापाला मधे येणारा ताव उरत नाही. आणि कात्री कधीही पूर्ण मिटवायची नाही! टोकं एकमेकांना भेटली की तिथे केसाएवढी खाच पडते, दिसत नाही, पण पहिल्या धडकेला तिथूनच फाटतं. पात्याचा मधला भागच वापरत सरकत राहायचं. वीस वर्षं कात्री चालवूनही हे मला माहीत नव्हतं. कागद असल्या चुका माफ करतो.

दारांखालच्या लांब सरळ कडेला कात्री लावलीच नाही. पट्टी धरून सुरीने दोन-तीनदा हलका ओरखडा काढायचा, मग तुकडा पुढेमागे वाकवायचा, की तो ओरखड्यावर स्वच्छ सुटतो. एकदाच जोर लावून कापायला गेलं की सुरी घसरते.

चाकाच्या कमानी आखायला नानांनी आपला डिव्हायडर काढला. बॉडी गाडीवर ठेवली, चाकाच्या मध्यावर एक टोक, आणि दुसऱ्या टोकाने वर्तुळ. पण स्क्राइब करू दिलं नाही. लोखंडावर ओढलेली रेघ शोभते, इथे राहणाऱ्या भागावरचा ओरखडा म्हणजे पुढचा तडाच. मग डिव्हायडरच्या पायाला मार्कर पेन रबरबँडने बांधलं. कंपनीची उमटलेली रेघ आणि नानांची रेघ यांत मागच्या चाकाला तीन मिलिमीटरचा फरक निघाला. भाच्याने मोठी चाकं बसवली होती. कंपनीच्या रेघेवर कापलं असतं तर टायर घासला असता.

आधाराच्या खांबांसाठी भोकं पाडायला ड्रिल नको, ते पातळ तावाला ओढून फाडतं. सुईने ठिणगीएवढं भोक, मग निमुळता रीमर हलक्या हाताने फिरवत मोठं करायचं आणि दर दोन फेऱ्यांनी खांबावर बसवून पाहायचं. भोक मोठं करता येतं, लहान नाही. शेवटी लाकडाच्या ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, पाणी लावून सगळ्या कडांवर फिरवला. नाना डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, ‘इथे.’ आम्हाला तिथे काहीच दिसायचं नाही. भिंगातून पाहिलं की खाच असायची.

दोन दिवस लागले. मधे भाचा एकदा कंटाळून म्हणाला की यूट्यूबवर एक जण हे वीस मिनिटांत करतो. ‘त्याला सांग, पुढच्या चाकाचं दाखव,’ नाना म्हणाले. आश्चर्य म्हणजे भाच्याने खरंच तो व्हिडिओ काढून दाखवला, आणि नानांनी चष्मा लावून तो पूर्ण पाहिला. ‘हात चांगला आहे,’ एवढाच शेरा. मग पुन्हा लावायला सांगितला.

रंग गच्चीवर द्यायचा ठरला. कापून उरलेल्या पट्ट्या आणि तुकडे मी केरात टाकायला निघालो होतो, तर भाच्याने त्या काढून घेतल्या. रंग आधी त्यावर मारून पाहतात म्हणे, कारण आतून दिलेला रंग बाहेरून वेगळाच दिसतो. त्याने सहा तुकड्यांवर सहा रंग फवारले आणि वाळल्यावर उलटे करून नानांसमोर मांडले. नानांनी बराच वेळ पाहून राखाडी उचलला. कारखान्यातल्या मशिनींचा रंग तोच होता म्हणाले. भाच्याला केशरी हवा होता. मी निघालो त्या दिवशीपर्यंत निकाल लागला नव्हता. मागच्या आठवड्यात ताईने फोटो पाठवला. गाडी केशरी आहे, तड्याच्या जागी बॉनेटवर एक रुंद राखाडी पट्टा आहे.